झिरपतं कुठनं

बसा हो, असे सावलीला बसा. अंजनवेलच्या भिवाची गोष्ट सांगतो. गोड नाय, आधीच सांगून ठेवतो. मागनं मला बोल लावू नका.

हा भिवा लाकडी होड्यांच्या फटी बुजवतो. फळ्यांच्या सांधीत तेलातला कापूस छिन्नीनं ठासायचा, वर राळ. मग होडी वाळूवर ठेवून आतनंच पाणी भरायचं नि बाहेरनं बघत हिंडायचं, झिरपतं कुठनं. त्याच्या हातची होडी गळली असं खाडीत कोण म्हणायचा नाय.

बायको बकुळा, मासे विकते. छातीत गाठ हाताला लागली तर म्हणाली, "पाटी उचलून शीर धरलीय." भिवानं खोबरेल कोमट करून दिलं, झालं. साखर नि बीपी जुनंच, पण गोळीनं मासळीच्या लिलावात गरगरतं म्हणून गोळ्या डब्यातच.

रत्नागिरीला नेली तवा गाठ लिंबाएवढी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठीतल्या रक्तवाहिन्या कच्च्या असतात, झिरपतात. साखर-बीपीनं बाकीच्याही बिघडल्यात. अशा भिंतीतून कॅन्सरला रक्तात शिरायला सोपं जातं. मग फुप्फुस, हाडं, कुठंही."

भिवाचे डोळे लकाकले. हे तर त्याचंच काम!

"म्हंजे सांधी सुटल्यात. मग बुजवा की, बाय!"

"तसं बुजवता येत नाही हो, काका. साखर-बीपी ताब्यात ठेवू, केमो देऊ."

"मग आत रंगाचं पाणी सोडून बघा तरी, गळतं कुठनं!"

"उद्या स्कॅनला रंगाचं इंजेक्शन देणारच आहोत. पण गळलं कुठून ते दिसत नाही. जाऊन रुजलं कुठं, तेवढंच दिसतं."

बाकड्यावरनं बकुळा म्हणाली, "बाई, लक्ष देऊ नका. लग्नापास्नं मला होडीच समजतायत हे."

बाई हसल्या. भिवा नाय हसला.

स्कॅनच्या फिल्मवर फुप्फुसात दोन ठिपके निघाले. भिवानं ती फिल्म खिडकीशी धरली नि फळीची सांध चाचपावी तसा अंगठा दाबला. अंगठा काढला की ठिपका तिथंच. पुन्हा दाबला. शेवटी बकुळानंच फिल्म काढून घेतली. "फाटंल ओ ती."

आता केमो घेऊन आली की ती निजून असते. हा वाळूत बसतो, छिन्नी हातात, समोर होडी नाय. सगळ्यांनी फायबरच्या घेतल्या.

तुमची लाकडी हाय ना अजून? न्या त्याच्याकडं. गळत नसली तरी न्या नि म्हणा, "भिवा, गळतेय रे, बघ जरा."