विहीणबाई न जेवता गेल्या

"कोनी हात लावला माझ्या मशीनला?"

शिवा मागच्या पडवीतून ओरडला तेव्हा स्वयंपाकघरात बोंबील तळणं चाललं होतं. नवरात्राचे उपास सुटले होते आणि सुनेची आई, राहीबाई, सानपाड्याहून करंजाड्याला मुद्दाम जेवायला आल्या होत्या. पडवीतल्या लाकूड कातायच्या लेथवर सागाचा दांडा लावला होता, नातीच्या पांगुळगाड्यासाठी. पण तो सरळ फिरायचं सोडून थाडथाड उड्या मारत होता.

"मी काल नुसती वरची धूळ पुसली, बाबा," सून नमिता ओढणीला हात पुसत म्हणाली.

"धूळ पुसली! दुसऱ्याच्या वस्तूंशी खेळायचं, हेच शिकवलं वाटतं तुला तुज्या आईनं!"

असं बोलतं का हो कुणी? तेही त्या आईसमोर! पण शिवानं तळोज्याच्या कारखान्यात फिटर म्हणून उभा जन्म काढलेला. मशीन बिघडलं की त्याला समोरचं माणूस दिसायचंच नाही.

राहीबाई वाढलेल्या ताटावरून उठल्या. "जरा काम हाय, निघते," एवढंच म्हणाल्या. शिवाच्या बायकोनं, शेवंताबाईनं, दारात हात धरला, गळ घातली. विहीणबाई थांबल्या नाहीत. नमिता पोरीला उचलून आतल्या खोलीत गेली. शेवंताबाईनं ताटावर ताट झाकलं आणि नवऱ्याशी बोलणंच टाकलं.

शिवा तणतणत मशीनकडे वळला. काय बिघडवलंय ते दाखवतोच, म्हणाला. पट्टा बघितला, ठीक. पायाचे बोल्ट घट्ट. फिरणारा स्पिंडल हातानं हलवून बघितला, बेअरिंगमध्ये जराही ढिलेपणा नाही. लाकूड काढून मशीन नुसतं चालवलं तर आवाज एकदम गोड. मग लाकडाला धरणारं पुढचं सेंटर उरलं. त्यानं पेन्सिल टेकवून ते हातानं फिरवलं. खूण एकाच बाजूला उमटली. सेंटर तिरकं बसलं होतं.

त्यानं ते ठोकून बाहेर काढलं आणि ते बसतं त्या निमुळत्या भोकात करंगळी घातली. काहीतरी टोचलं. नखानं खरवडून काढलं, तर तांदळाचा चेपलेला दाणा. कुंकवानं लाल.

शिवानं दाणा उजेडात धरला.

खंडेनवमीला सेंटर काढून त्यानं घासूनपुसून चकचकीत केलं होतं. उघड्या मशीनला हळदकुंकू वाहिलं, डोळे मिटून अक्षता टाकल्या. नमिता फुलं घेऊन आली तर, "ठेव तितं, मीच वाहीन," म्हणून तिला उंबऱ्यातच थांबवलं होतं. आणि मग सेंटर तसंच ठोकून बसवलं. भोक न पुसता! कारखान्यात नव्या पोरांना ह्याच चुकीसाठी त्यानं चारचौघांत आईबापावरून शिव्या घातल्या होत्या. शरमेनं त्याचे कान तापले.

आतल्या खोलीच्या दारात जाऊन त्यानं तळहात पुढे केला. "नमिता, हे... हे भोकात अडकलेलं. तू काय नाय केलंस."

नमितानं दाण्याकडे बघितलं. पूजा कुणी केली, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"मला बोललात त्याचं काय नाय, बाबा," ती म्हणाली. "आईला फोन लावून देते. तिला तुमीच सांगा."

शिवाची मूठ दाण्यावर आवळली गेली. दुसऱ्या हातानं त्यानं फोन कानाला लावला. काय बोलायचं ते मनाशी जुळवलं होतं, ते सगळं पळालं.

"विहीणबाई, मी शिवा."

पलीकडून राहीबाई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बोला भाऊ. जेवलात का तुमी?"

शिवानं ओट्यावरच्या झाकलेल्या ताटाकडे बघितलं.

"नाय," तो कसाबसा म्हणाला. त्यानं मूठ उघडली. घामानं दाण्याचं कुंकू सगळ्या तळहाताला लागलं होतं.