भुरीचं येणं-जाणं

सडक अर्जुनीत जिथं गाव संपून बौद्धवस्ती सुरू होते, तिथं दोन घरांच्या परसात मिळून एकच भिंत होती. मातीची, पुरुषभर उंच, वर कवेलूंची एक ओळ. अलीकडे, वस्तीच्या बाजूला, यादोराव आणि पार्वताबाई; पलीकडे, गावाच्या बाजूला, दुधराम आणि धुरपता. दोघी बाया एकाच वर्षी लग्न होऊन या घरांमध्ये आल्या होत्या. भिंतीवरून हाका मारायच्या, अंबाडीची भाजी द्यायच्या-घ्यायच्या. धुरपताच्या धानाच्या बांधीत रोवणा लागला की पार्वताबाई रोपं लावायला चिखलात उतरायची. एवढ्या वर्षांत धुरपता यांच्या आंगणापर्यंत आली आणि पार्वताबाई त्यांच्या ओसरीपर्यंत गेली. त्यापुढं कोणी कोणाला बोलावलं नाही आणि कोणी गेलंही नाही.

यादोराव मैलकुली होता. नागपूर-रायपूर रस्त्याचे खड्डे भरायचे, कडेचं गवत कापायचं, उन्हाळ्यात झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना मारायचा, यात त्याची सगळी नोकरी गेली. निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना एका संध्याकाळी तो जेवणाच्या पिशवीत मांजरीचं पिल्लू घेऊन घरी आला. ट्रकच्या चाकातून वाचलं म्हणे. पार्वताबाईनं कपाळाला हात लावला. "आणखी एक तोंड," एवढंच ती म्हणाली. पिल्लू राखेच्या रंगाचं होतं, म्हणून भुरी.

पुढच्याच हिवाळ्यात यादोरावला लकवा मारून गेला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. भंडाऱ्याचा डॉक्टर झाला, मालिश करणारा झाला, कुणी सांगितलेला पाला झाला. शेवटी ओसरीतल्या खाटेवर एक माणूस उरला. त्याला उठवायचं, फिरवायचं, पुसायचं, भरवायचं, आणि दुपारी पुन्हा तेच. मुलगा विवेक नागपूरला कंपनीत होता. दिवाळीला यायचा, बापाच्या पायाशी बसून रडायचा आणि सुटी संपली की जायचा. पार्वताबाईला आता रडूही येत नव्हतं. कंबर मात्र दुखायची.

यादोरावच्या तोंडून एकच शब्द बरा निघायचा. "भु." तो म्हटला की मांजर कुठूनही यायची, खाटेवर उडी मारायची आणि त्याच्या मेलेल्या उजव्या हाताला टेकून बसायची. डाव्या हातानं तो तिच्या पाठीवरून बोटं फिरवत राहायचा. तेवढा वेळ पार्वताबाईला मोकळीक मिळायची. म्हणून ती मांजरीला भात घालायची, प्रेमानं वगैरे नाही.

पण मांजर ती. खाटेवर किती बसणार? भिंतीवरून चालत ती धुरपताकडे जायची. तिथं गाईचं दूध होतं, धानाच्या ढोलीमागं उंदीर होते आणि देवघरातली थंडगार फरशी होती.

"विवेकच्या माय! वो विवेकच्या माय!" एके सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला.

पार्वताबाई यादोरावची ओली चादर पिळत होती. "काय वो?"

"तुमची मांजर आवरा बाई. रोज येऊन राहिली."

"दुधात तोंड घातलं का तिनं?"

"तोंड नाही घातलं. पन देवघरात जाऊन बसते."

"मांजरीले काय समजते बाई देवघर अन् सैपाकघर? हाकलून देत जा. काठी दाखवली का पळते ते."

"हाकलतोच मी. पन रोज रोज कोन हाकलंल? बांधून ठेवा तुम्ही."

पार्वताबाईनं चादर दोरीवर टाकली. मांजर कोण बांधतं, असं म्हणणार होती. तेवढ्यात आतून खोकल्याचा आवाज आला आणि ती तशीच आत गेली.

असं बरेच दिवस चाललं. कधी सकाळी, कधी जेवणाच्या वेळी. धुरपता वाईट बाई नव्हती. यादोराव पडला त्या दिवशी दुधरामला उठवून बैलगाडी जुंपायला लावणारी तीच होती. पण घरात रुचीच्या लग्नाचा घोर होता. मुलगी दिसायला चांगली, बारावी झालेली, तरी पाहुणे यायचे, पोहे खायचे आणि गावी पोहोचून नकार कळवायचे. त्यामुळं धुरपता सोमवार धरायची, गुरुवार धरायची, शिवरात्रीला जवळच्या प्रतापगडच्या महादेवाचा डोंगर अनवाणी चढायची. देवघर हे तिचं शेवटचं ठिकाण होतं.

मग एक दिवस पार्वताबाई गोधडी वाळत घालायला भिंतीपाशी दगडावर उभी राहिली, तेव्हा तिला पलीकडचं मागचं दार उघडं दिसलं. हायवेवरच्या ढाब्यावरचा काळा बोका त्या दारातून बाहेर पळाला आणि मागोमाग धुरपताचा झाडू आला. "हाड मेल्या!" धुरपतानं झाडू उचलला आणि ती आपल्या कामाला लागली. थोड्या वेळानं त्याच दारातून भुरी निघाली, शेपटी वर करून, सावकाश. या वेळी धुरपतानं झाडू मारला नाही. तिनं बादली आणली. देवघराची फरशी धुतली, पायरी धुतली, मग तांब्यातून गोमूत्र शिंपडलं.

पार्वताबाई गोधडी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

धुरपतानं वर पाहिलं. दोघींची नजर भिडली. धुरपता ओशाळली, आणि ओशाळली म्हणून चिडली.

"आता काय करू मी? तुमच्या घरचं खाते-पिते, अन् येऊन आमच्या देवापाशी बसते. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

पार्वताबाईनं गोधडी पसरली, चारही टोकं सारखी केली आणि दगडावरून खाली उतरली. उत्तर सुचलं ते चुलीपाशी बसल्यावर. तुमच्या घरचं म्हणजे काय वो धुरपताबाई? भातच खाते ना ते? तुमच्या घरच्या भाताचा रोवणा कोनं केला, निंदायले कोन होतं? पण आता हे पुन्हा दगडावर चढून कोण सांगणार? भाताला उकळी आली होती. यादोरावला भूक लागली होती.

रात्री फोनवर तिनं विवेकला सांगितलं. सांगायला नको होतं, पण निघून गेलं तोंडातून.

विवेक भडकला. "मी येतो अन् ठाण्यात तक्रार देतो. असं कसं धुते ते? समजते काय स्वतःले?"

"तू तक्रार देशील अन् दुसऱ्या दिवशी नागपूरची गाडी पकडशील," पार्वताबाई म्हणाली. "तुह्या बापाले मले एकटीले उचलता येत नाही. पडले का दुधराम भाऊलेच हाक मारतो मी."

"म्हणजे गप्प बसायचं?"

"मी थकली रे बाबू. मले झोपू दे."

दुसऱ्या दिवशी तिनं भुरीच्या गळ्यात साडीची किनार अडकवली आणि खाटेच्या पायाला बांधली. भुरी ओरडली, लोळली, मग खाटेखाली गुपचूप पडून राहिली. पार्वताबाई नळावर गेली. परत येऊन बघते तो यादोराव खाटेच्या कडेला कलला होता, पडता पडता राहिलेला, आणि डाव्या हाताच्या बोटांनी गाठ सोडवत होता. कपाळावर घाम होता. गाठ घट्ट होती आणि बोटांत जोर नव्हता, पण तो थांबत नव्हता. ती दारातच घागर घेऊन थांबली. गाठ सुटली. मांजर बाणासारखी बाहेर गेली. यादोरावनं बायकोकडे पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखी मान फिरवली.

घागर तिनं खाली ठेवली. त्याला सरळ केलं, घाम पुसला.

त्यानंतर भुरी आलीच नाही.

पहिला दिवस असाच गेला. मांजरीचं असतंच तसं. दुसऱ्या दिवशी यादोराव "भु, भु" करत राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं तोंड मिटलं. पेज चमच्यानं आत घातली की ओठांच्या कडेनं बाहेर यायची. पार्वताबाई चिडली, मग समजावू लागली, मग चमचा ताटलीत टाकून खाली बसली. "तुम्ही नाही खाल्लं तर मी काय करू, सांगा? मांजरीसाठी मराल का?"

ती हायवेवर जाऊन आली. ढाब्यापासून पुलापर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना बघत गेली. काही दिसू नये, असं मनात म्हणत होती. ढाब्यावरच्या माणसाला विचारलं. विहाराच्या मागं पाहिलं. शेजारी मात्र विचारलं नाही. पाय तिकडे वळतच नव्हते.

आठवडा सरत आला तेव्हा दुधराम आंगणात आला. हातात पेढ्यांचा पुडा, चेहऱ्यावर लहान पोरासारखा आनंद.

"वहिनी, रुचीचं जमलं! केशोरीचे पाहुने. पाहताक्षणी पसंत केलं, कुंकू लावूनच गेले."

"बरं झालं बाप्पा," पार्वताबाई मनापासून म्हणाली. "लय वाट पाहिली पोरीनं."

दुधरामनं यादोरावच्या ओठाशी पेढा नेला. यादोरावनं मान फिरवली.

"अन् खरं सांगू का," दुधराम खाली बसत म्हणाला. त्याच्या पोटात काही राहायचं नाही. "हा सगळा तुमच्या भुरीचा पायगुन. आमच्या ढोलीमागं व्याली ना ते! अन् आमच्या बाईले तिची वार सापडली, पिल्लाईमागं पडते ते. मांजरीची वार कोनाले सापडते? मांजर तर लगेच खाऊन टाकते. ज्याले सापडली त्याच्या घरी लक्ष्मी येते म्हनतात. बाईनं हळदी-कुंकवात घालून डबीत ठेवली, देवघरात. अन् चौथ्या दिवशी पाहुने!"

"कुठं ठेवली म्हणता?"

"देवघरात. महादेवापाशी."

पार्वताबाईला हसू आलं. कितीतरी महिन्यांनी आलं, तेही कोरडं. दुधरामला वाटलं, आनंदानं हसली. तोही हसला.

"भाऊ," ती म्हणाली, "ह्यांनी जेवन सोडलं आहे भुरीसाठी. तुम्हाले माहीत होतं तर सांगायचं तरी."

दुधरामचं हसू मावळलं. "मले वाटलं, बाईनं सांगितलं असंल."

ती लगेच निघाली. धुरपता ओसरीवर तांदूळ निवडत होती. पार्वताबाईला पाहताच तिनं सूप बाजूला ठेवलं. कशासाठी आली हे तिला कळलं होतं.

"आत्ताच नेऊ नका वो," ती घाईनं म्हणाली. "पिल्लाईचे डोरे उघडले नाहीत अजून. मी रोज दूध देतो तिले, गाईचं. काही कमी नाही करत. राहू द्या इथंच."

"हे खात नाहीत काही."

धुरपता पदर सावरत उठली. मग म्हणाली, "बसा तुम्ही. मी आनून देतो."

ती आत गेली. भांडं पडल्याचा आवाज आला, भुरीचं फिस्कारणं ऐकू आलं. धुरपता बाहेर आली ती मनगट दाबत. लाल रेघा उमटल्या होत्या.

"जवळ जाऊ देत नाही मेली."

"व्यालेली आहे. तुमच्या हातानं नाही यायची."

पार्वताबाई उठली. पायपुसण्याला पाय पुसले आणि ओसरी ओलांडून आत गेली. मुद्दाम काही केलं नाही, मान ताठ केली नाही. दुखऱ्या कंबरेवर हात ठेवून, हळूहळू, जशी आपल्या घरात चालते तशी. धुरपता दारातून बाजूला झाली. माजघर, मग देवघराचा कोनाडा. दिवा तेवत होता आणि पिंडीशेजारी स्टीलची छोटी डबी होती, झाकणावर हळदीचं बोट. पार्वताबाईनं ती पाहिली. पुढं ढोलीमागं गोणपाटावर भुरी पडली होती, पोटाशी तीन पिल्लं. पार्वताबाईचा वास आला तशी ती घुरघुरू लागली.

पिल्लं पदरात आणि मांजर काखेत घेऊन ती परत ओसरीवर आली. धुरपता तिथंच उभी होती.

"च्या ठेवतो," धुरपता म्हणाली. आवाज लहान झाला होता.

"नोको. ते एकटे आहेत." पार्वताबाई दोन पावलं गेली आणि थांबली. बोलायचं ठरवलं नव्हतं, पण मघाशी पिल्लं उचलताना कंबरेतून कळ गेली होती आणि सगळंच आता फार झालं होतं. "बाई, धुवा का नका धुवू, तुमचं घर आहे. पन धुवायचं असंल तर मी घरी पोचल्यावर धुवा. भिंतीतून आयकू येते मले. दिवसभर तेच आयकत बसायची ताकद नाही राहिली आता."

धुरपताचा चेहरा पडला. पार्वताबाई उत्तरासाठी थांबली नाही.

यादोरावनं भुरीला पाहिलं आणि त्याच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो हसण्याचा की रडण्याचा, हे तिला कळलं नाही. पिल्लं तिनं त्याच्या कुशीत ठेवली. त्यानं वाटीभर पेज खाल्ली, मग आणखी थोडी. ती भरवता भरवता खाटेच्या काठाला डोकं टेकून झोपून गेली. पलीकडे बादली वाजली की नाही, तिला कळलं नाही.

दोन दिवसांनी भुरीनं एकेक पिल्लू तोंडात धरलं आणि भिंतीवरून पुन्हा ढोलीमागं नेऊन ठेवलं. तिथं ऊब होती. पार्वताबाईनं ते पाहिलं आणि आणायला गेली नाही. दुपारी भुरी एकटीच आली, भात खाल्ला, यादोरावजवळ बसली आणि दूध पाजायची वेळ झाली तशी निघून गेली. पुढं तसंच चालू राहिलं.

धुरपता त्या दिवसाबद्दल कधी काही बोलली नाही. माफी नाही, भांडणही नाही. मात्र तक्रारीची हाक बंद झाली. रुचीच्या लग्नाची पत्रिका घेऊन ती स्वतः आली. आंगणात घुटमळली, मग ओसरीची पायरी चढून यादोरावच्या खाटेपाशी गेली, त्याच्या उशाशी पत्रिका ठेवली आणि जरा वेळ नुसतीच उभी राहिली. "या म्हनून सांगा विवेकले," एवढं बोलून गेली. पार्वताबाई लग्नाला जाऊ शकली नाही. यादोरावला ठेवून कुठं जाणार? विवेक आला नाही. मंडपातून दुधरामनं ताट आणून दिलं.

लग्नानंतर पलीकडचं घर शांत झालं. उन्हं चढायला लागली होती. एका दुपारी पार्वताबाई यादोरावची कूस बदलत होती. भुरी त्याच्या हाताला टेकून गाढ झोपली होती.

"विवेकच्या माय," भिंतीपलीकडून आवाज आला. "भुरी तुमच्याकडं आहे का वो? दूध ठेवलं होतं तिचं."

"आहे. झोपली."

"बरं." मग, "यादोराव भाऊ जेवले का?"

"जेवले."

"अन् तुम्ही?"

पार्वताबाईचा हात यादोरावच्या पाठीवर थांबला. ती जेवली होती की नाही, हे तिला आठवावं लागलं.

"नाही अजून," ती म्हणाली.