मैनुद्दीनच्या दोन घोड्या

जयसिंगने हुस्नबानूला ओळखलं नाही. तो ओळखणार नाही याची तिला पुरेपूर खात्री होतीच. दोन वर्षांपूर्वी हा गृहस्थ बिबवेवाडीत तिच्या घरी येऊन दोनदा चहा पिऊन गेला होता आणि दोन्ही वेळा कप तिनेच त्याच्या हातात दिला होता. पण चहा आणून देणाऱ्या बाईच्या तोंडाकडे पाहायची त्याला सवय नव्हती. आज शनिवारी सकाळी स्वारगेटला मिनीबसच्या दारात उभा राहून तो यादीवर खुणा करत होता आणि येईल त्याला जन्माची ओळख असल्यासारखा हाक मारत होता.

"हुस्नबानू मॅडम? या, या. घोड्याची भीती नाही ना वाटत?"

"घोड्याची नाही वाटत," ती म्हणाली आणि खिडकीशी जाऊन बसली.

जयसिंगचा धंदा साधा होता. कोथरूडकडच्या हौशी मंडळींना पानशेतच्या पलीकडे न्यायचं, घोड्यावर बसवून जंगलातून फिरवायचं, वनखात्याच्या तळावर तंबू ठोकून एक मुक्काम करायचा आणि चुलीवरचं पिठलं वाढून त्यांना निसर्गाच्या जवळ आणायचं. माणूस गोड बोलायचा. त्या गोड बोलण्याने हुस्नबानूच्या बापाचं घर बुडालं होतं.

तिच्या बापाकडे, मैनुद्दीनकडे, वरातीच्या दोन घोड्या होत्या. थोरली नर्गिस सतरा वर्षांची, धाकटी चांदणी पाच वर्षांची, पांढरीशुभ्र. लग्नसराई संपली की जयसिंग दोघींना कॅम्पसाठी भाड्याने नेत असे. चांदणी त्याच्या डोळ्यांत भरली. त्याने ती विकत मागितली, मैनुद्दीनने हसून नाही म्हटलं. त्यानंतर महिन्याभराने जयसिंग एका डॉक्टरला घेऊन आला. "सगळ्याच घोड्यांची तपासणी करतोय, भाई, तुमच्याही करून टाकू," म्हणाला. चार दिवसांनी मैनुद्दीनच्या फोनवर त्याने बोलून पाठवलेला निरोप आला. दोघींना ग्लँडर्स झालाय. औषध नाही. माणसालाही होतो, लहान मुलं आधी जातात. सरकारला कळलं तर गल्ली बंद करतील, तुमच्यावर केस होईल. गुपचूप उरकून टाकू.

मग त्या डॉक्टरने नर्गिसला दारातच मरणाचं इंजेक्शन दिलं. तिचं डोकं मैनुद्दीनने स्वतः मांडीवर धरलं होतं. एका दारात दोन जनावरं मेली तर लोक विचारतील, म्हणून चांदणीला जयसिंग "तिकडे लांब नेऊन" उरकणार होता. मैनुद्दीनने लगाम, जीन, जरीची झूल, सगळं जाळलं आणि हात राखेने घासून घासून धुतले. तेव्हापासून तो दारात खुर्ची टाकून बसत असे. गल्लीतून पोरं ओरडत गेली की म्हणे, "एवढी वाचली. तेवढंच पुरे." हे वाक्य ऐकून हुस्नबानूला रडू यायचं.

आणि तीन आठवड्यांपूर्वी, ती नोकरी करत होती त्या क्लासच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या सुहासिनीने तिला आपल्या कॅम्पचा व्हिडिओ दाखवला. "अगं, घोडी नाचते बघ!" कोणीतरी ढोलकी वाजवत होतं आणि एक पांढरी घोडी तीन पावलं टाकून, थांबून, डाव्या खुराने जमीन दोनदा खरवडत होती. अशी चाल पुण्यात दुसऱ्या कुठल्याच घोडीची नव्हती. मैनुद्दीनने ती बिस्किटाचा रिकामा डबा बडवत दोन पावसाळे खपून शिकवली होती. हुस्नबानूने व्हिडिओ तीनदा पाहिला आणि सुहासिनीला "छान आहे" म्हटलं. त्याच दिवशी तिने कॅम्पला नाव नोंदवलं. अब्बांना तिने चकार शब्द सांगितला नाही. आधी त्या हरामखोराला दारात आणून उभा करायचा, त्याच्या तोंडून वदवायचं, मग अब्बांनी काय ते समजावं, असं तिने ठरवलं होतं.

तळावर नऊ घोडे झाडांमध्ये बांधलेल्या दोराला ओळीने बांधले होते. चांदणी शेवटची होती. तिचं नाव आता डायना होतं. हुस्नबानू जवळून गेली तशी घोडीने मान लांब करून तिच्या खांद्याला नाक लावलं आणि जोरात फुरफुरली.

"डायनाला तुम्ही आवडलात, मॅडम," जयसिंग म्हणाला. "खास राजस्थानातून आणलीय."

"हो का? लांबून आलीय बिचारी."

तो दिवस तिने काढला. दुसऱ्या एका लाल घोड्यावर बसली, पिठलं खाल्लं, तंबूत डोळे मिटून पडली. तिला घाई नव्हती. घाईने केलं असतं तर त्याने तिला एका बाजूला नेऊन मिटवलं असतं. तिला सगळे जमलेले हवे होते.

रविवारी सकाळी पोह्यांच्या वेळी सगळे जमले. तीसेक माणसं होती, पोरं घोड्यांना गाजरं भरवत होती. हुस्नबानूने स्टीलची ताटली उचलली आणि चमच्याने ठेका धरला. चांदणीचे कान उभे राहिले. तीन पावलं, थांबणं, डाव्या खुराने दोनदा खरवड. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"ही चाल माझ्या वडिलांनी शिकवलीय," ती मोठ्याने म्हणाली. "मैनुद्दीन, बिबवेवाडी. आणि ही घोडी दोन वर्षांपूर्वी मेलीय. कशाने मेली, ते जयसिंगसाहेबांच्याच आवाजात ऐका."

तिने फोन वर धरला. अब्बांच्या फोनवरचा तो निरोप तिने जपून ठेवला होता. ग्लँडर्स झालाय, औषध नाही, माणसालाही होतो, लहान मुलं आधी जातात.  मग एका आईने पोराच्या हातातलं गाजर हिसकून फेकलं, आणि पुढच्या क्षणी घोड्यांजवळ एकही माणूस उरला नाही.

"अहो, ही ती घोडी नाही!" जयसिंग ओरडला.

"नाही? परत वाजवू ताटली?" ती म्हणाली. "ती असेल तर हिला रोग आहे, तुम्हीच सांगितलंय. मी आत्ता पशुसंवर्धन खात्याला फोन लावते. नऊच्या नऊ घोडे अडकतील, कॅम्प बंद होईल, आणि या सगळ्यांना रक्त तपासायला जावं लागेल. रोग नसेल तर तसं सांगा."

त्याला घाम फुटला होता. ते पाहून तिला बरं वाटलं, फार बरं वाटलं. दोन वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

"रोगबिग काही नाही हो," तो म्हणाला. "घोडी ठणठणीत आहे."

"आणि तेव्हा?"

"तेव्हाही नव्हता."

"मोठ्याने बोला. मागे ऐकू जात नाही."

"खोटं बोललो मी! तो डॉक्टर नव्हताच. बस झालं?"

"नाही झालं. टेम्पोत चढवा तिला. हेच माझ्या वडिलांसमोर बोलायचं, नाहीतर पोलिसांना फोन लावते."

दुपारी टेम्पो बिबवेवाडीच्या गल्लीत शिरला. मैनुद्दीन दारातल्या खुर्चीत होता. फळी खाली टाकून चांदणीला उतरवलं तसा तो उठला. तो पुढे आला नाही, उलट भिंतीकडे सरकला.

"पोरांना आत घ्या!" तो ओरडला.

"अब्बा, तिला काही झालेलं नाही. हा सांगेल." हुस्नबानूने जयसिंगला पुढे केलं. अंगात नुसता जोर भरला होता तिच्या. "बोला."

जयसिंग बोलला. घोडीला रोग नव्हता, मला ती हवी होती, म्हणून खोटं सांगितलं. दोन वाक्यांत आटपलं. हुस्नबानू बापाच्या तोंडाकडे पाहत होती. तो आता चिडेल, शिव्या देईल, जयसिंगची कॉलर धरेल, याची ती वाट पाहत होती.

मैनुद्दीनने चांदणीकडे पाहिलंच नाही.

"आणि नर्गिसला?" त्याने विचारलं.

जयसिंग टेम्पोकडे बघू लागला.

"नर्गिसला होता ना रोग?"

"नाही, भाई."

मैनुद्दीन खुर्चीत बसला. उजवा हात त्याने मांडीवर ठेवला आणि त्या हाताकडे पाहत राहिला. "ती उठू बघत होती," तो म्हणाला. "मी दाबून धरलं तिला. म्हटलं, पोरांसाठी आहे, बेटा, पडून राहा. तेव्हा पडून राहिली." मग त्याने लेकीकडे पाहिलं. "तुला कधी कळलं?"

"तीन आठवडे झाले, अब्बा."

"मग तुझ्यापाशीच ठेवायचं होतंस, बेटा. मला कशाला सांगितलंस?"

जयसिंग मान खाली घालून उभा होता. तिला तेच हवं होतं. आता तिचीही मान वर होईना.