चौथा दिवा

चष्मेवाल्यांच्या घरात दोन कपाटं होती. एकात माणसांचे कपडे कोंबलेले, दुसऱ्यात गाड्या ऐसपैस. सगळ्या जुन्या अमेरिकन, सगळ्या धातूच्या, खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्शाएवढ्या. दारं उघडणाऱ्या, स्टिअरिंग फिरणाऱ्या. दिवसभर दुकानात लोकांच्या नाकावर काचा चढवायच्या आणि संध्याकाळी त्या कपाटाच्या काचेला स्वतःचं नाक लावून बसायचं, हा त्यांचा नेम. "हौसेला मोल नसतं," ते म्हणायचे. "पण जागा लागते ना हो," बायको म्हणायची.

त्या कपाटाची राणी म्हणजे गुलाबी कॅडिलॅक, एकोणसाठच्या मॉडेलची. मागे उंच पंख आणि एकेका पंखावर दोन-दोन टोकदार लाल दिवे. फक्त ह्या राणीचा चौथा दिवा लाल नव्हता. कारखान्यात कुणाचा तरी हात चुकला, मोजक्या गाड्या एक दिवा चंदेरीच राहून बाहेर पडल्या आणि चूक ध्यानात आल्यावर पुढच्या सुधारल्या गेल्या. तुमच्याआमच्यासारखा असली गाडी दुकानदाराला परत करून आला असता. पण ह्या मंडळींचा सगळा उफराटा कारभार. खोट जितकी दुर्मीळ, तितका गाडीचा थाट मोठा! ही गाडी मिळवायला चष्मेवाल्यांनी जंग जंग पछाडलं होतं.

रविवारी त्यांच्या गाड्या जमवणाऱ्यांच्या मंडळाचं प्रदर्शन होतं. सगळ्यांत दुर्मीळ गाडीला मधल्या काचपेटीत बसायचा मान मिळे, आणि दरसाल तो दातांचे डॉक्टर पटकावत. नुसता पटकावत नसत, वर वर्षभर त्याची आठवण करून देत. यंदा मात्र चष्मेवाल्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, पेटी माझी.

आता ह्या गोष्टीतलं चौथं माणूस. बायकोची आई महिन्याभरापूर्वी कायमची त्यांच्याकडे राहायला आली होती. तिने सगळी उमर बाहुल्यांच्या कारखान्यात बाहुल्यांचे डोळे रंगवण्यात घालवलेली. आल्यापासून ती खुर्चीच्या कडेवर बसायची, पंखा लावायलाही परवानगी मागायची. "आई, हे तुमचंच घर आहे," जावई म्हणायचा. "हो हो, पण माझा त्रास नको कुणाला," ती म्हणायची आणि आणखी कडेला सरकायची. चष्मेवाल्यांना ते फार लागायचं. माणूस घरात असून घरात नाही, ह्यावर कुठल्या नंबरचा चष्मा द्यावा ते त्यांना कळत नव्हतं.

शुक्रवारी ते दुकानातून घरी आले तर सासूबाई चक्क दारातच उभ्या, हात पाठीमागे.

"जावईबापू, डोळे मिटा बघू."

त्यांनी मिटले. उघडले तेव्हा समोर गुलाबी कॅडिलॅक होती. चारही दिवे लालभडक.

"धूळ पुसायला काढली तर हा एक राहिलेला दिसला. लेकीचं नेलपॉलिश घेतलं, ब्रश माझा जुनाच. आमच्या कारखान्यातून एका डोळ्याची बाहुली कधी बाहेर गेली नाही हो. तुम्ही एवढी प्रदर्शनात न्यायची आणि लोकांनी नावं ठेवायची?"

चष्मेवाल्यांच्या डोळ्यांपुढे काचपेटी तरळली, तिच्याआड दातांच्या डॉक्टरांचे बत्तीसच्या बत्तीस दात.

"वा," ते म्हणाले. "छानच." आवाज दाढ काढल्यासारखा येत होता.

सासूबाई आत गेल्या तसे ते गाडी घेऊन टेबलाशी बसले. स्पिरिटची बाटली, कापसाचा बोळा, दुकानातलं भिंग. खालच्या चंदेरीला धक्का न लागता वरचं लाल काढायचं, एवढी कला त्यांच्या हातात होती. त्यांनी बोळा भिजवला. बायको दारात येऊन उभी राहिली.

"पुसताय?"

"मग काय करू? अगं, त्या चंदेरी दिव्यातच तर सगळं होतं!"

"पुसा की. गाडी तुमची," ती म्हणाली. "पण आई आज दुपारी गुणगुणत होती. इथे आल्यापासून पहिल्यांदा."

ती निघून गेली. चष्मेवाल्यांनी भिंग डोळ्याला लावलं. कारखान्याचे तीन दिवे जरा फासलेलेच होते, कडेला लाल ओघळ. चौथ्याची कड मात्र केसभरही इकडची तिकडे नव्हती. ह्या वयात, नेलपॉलिशने! त्यांनी बराच वेळ बघितलं. मग बाटलीला बूच लावलं.

रविवारी दातांचे डॉक्टर लांबूनच हात पसरून आले. गाडी उलटसुलट पाहिली आणि त्यांचा चेहरा असा उजळला की सभागृहातले दिवे बंद केले तरी चाललं असतं.

"अरेरेरे! चंदेरी दिवा रंगवलात? अहो, त्या एका दिव्यासाठी तर ही गाडी होती! कुणी केला हा अघोरी प्रकार?"

सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. त्या जावयाकडे वळल्या. "म्हणजे तो तसाच हवा होता? मग मला बोलला का नाहीत?"

"तेव्हा धीर झाला नाही," चष्मेवाले म्हणाले. "मग भिंगातून पाहिलं आणि बोलायचं काही उरलंच नाही. डॉक्टर, चंदेरी दिव्याच्या आणखीही कुठे कुठे असतील. हा दिवा आमच्या आईंनी रंगवलाय. असा दुसरा दाखवा कुठे असला तर."

मधली पेटी अर्थातच डॉक्टरांना गेली. त्यांची काळी शेवरोले, चारांपैकी एका टायरवरचा पांढरा पट्टा कारखान्यातच राहून गेलेला. चष्मेवाल्यांना वाईट वाटलं नाही असं कसं म्हणावं? वाटलंच. पण सासूबाई मात्र पेटीपुढे जाऊन, चष्मा सावरून, खाली वाकल्या.

"अगंबाई, डॉक्टरांचंही एक चाक राहिलंय की!" त्या गंभीरपणे म्हणाल्या आणि पर्स उघडली. "माझ्याकडे पांढरा रंग आहे. दोन मिनिटांचं काम."

डॉक्टर दोन्ही हात पसरून पेटीला आडवे झाले. सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं आणि एक डोळा मिचकावला. पर्समध्ये फक्त रुमाल होता. चष्मेवाले असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

घरी आल्यावर सासूबाई कुणाला न विचारता पंखा लावून खुर्चीत ऐसपैस टेकून बसल्या.

"जावईबापू, कपाटात आणखी किती राहिल्यात हो अर्धवट?"

"एकही नाही!" चष्मेवाले घाईघाईने म्हणाले आणि कपाटाला कुलूप घालायला धावले. किल्ली अर्धी फिरवली आणि थांबले. मग मागच्या रांगेतून त्यांनी निळी पिकअप बाहेर काढली, पत्रा खरवडलेली, दारावरची नक्षी उडालेली, आणि बायकोचं नेलपॉलिश शोधायला गेले.