वहीत न लिहिलेली आच

विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बरं? खोटं बोलणाऱ्यावर ठेवू नये, हे शेंबडं पोरही सांगेल. पण जो खोटं बोलत नाही, फक्त एक गोष्ट तेवढी सांगायची टाळतो, त्याचं काय करायचं?

मी रेनो लाहतीच्या गॅरेजमधल्या खिळ्यावरून बोलतोय. मी बंदुकीचा गाभा. नळी आणि दस्ता यांच्या मधला पोलादी तुकडा. काडतूस माझ्या कुशीत फुटतं. ती आग आणि नेम धरणाऱ्याचा गाल, यांच्यामध्ये मी एकटा उभा असतो.

जन्म फौजेच्या कारखान्यातला. लढाया संपल्या आणि आम्हाला कुणी विचारीना. ग्रीजमध्ये बरबटून, खोक्यात पडून, समुद्र ओलांडून मी मिशिगनच्या उत्तर टोकाला आलो, तांब्याच्या खाणीत राबणाऱ्या फिनिश लोकांच्या वस्तीत. तिथे हिवाळ्यात घरोघरी एकच नाद. जुनी फौजी बंदूक आणायची, तिचं जड लाकूड सरपणात घालायचं आणि गाभ्याभोवती आपल्या हाताने हरणाच्या शिकारीची बंदूक उभी करायची.

रेनो मला घडवत होता आपल्या लेकीसाठी. लेम्पी एकोणीस वर्षांची, टेलिफोन खात्यात कामाला, आणि त्या नोव्हेंबरात पहिल्यांदा स्वतःच्या बंदुकीने शिकारीला जाणार होती. अक्रोडाचा दस्ता त्याने तिच्या गालाला लावून लावून तासला. जे जे करी ते ते एका निळ्या वहीत लिही: तारीख, काम, कुणाच्या हातचं. माणूस चोख. जिभेने मात्र तिखट.

"ऊर्हो, तुझ्या हातात ड्रिल म्हणजे अस्वलाच्या हातात सुई," तो मेहुण्याला म्हणायचा. ऊर्हो म्हणजे बायकोचा, साइमीचा, धाकटा भाऊ. तो हसायचा. हसणाऱ्याला लागत नाही असं लोकांना का वाटतं, हे मला पोलादाला अजून कळलेलं नाही.

दुर्बीण बसवायला माझ्या डोक्यावर भोकं पाडायची होती. माझी कातडी कडक, तीच माझी ताकद. एका शनिवारी रेनो सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवायला गेला आणि ऊर्होने काम हाती घेतलं. ड्रिलचं टोक, पहिलं बिट, तुटलं. दुसरं तुटलं. त्याने दाराकडे पाहिलं. मग धातू सांधायची गॅसची बत्ती पेटवली आणि माझ्यावर धरली.

मी पिवळा झालो, जांभळा झालो, निळा झालो. अंगातली चाळीस वर्षांची ताठ पाठ चार मिनिटांत मेणासारखी झाली. ड्रिल लोण्यात सुरी जावी तसं गेलं. त्याने डाग घासून काढले.

रेनो परतला. "अरे वा. कसं जमलं?"

"हात लागतो, दाजी, हात."

रेनोने वहीत लिहिलं: भोकं, ऊर्होच्या हातची, उत्तम. पुढे सगळ्या पोलादावर काळा रंग चढला आणि माझी जखम झाकली गेली. मला कंठ असता तर मी ओरडलो असतो.

ऑक्टोबरात, वस्तीमागच्या खडीच्या खाणीत, पहिल्या गोळीचा दिवस आला. साइमी मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्या फडक्यात बांधून आली आणि म्हणाली, "पहिल्या गोळ्या बंदूक टायरला बांधून, लांबून घोड्याची दोरी ओढून झाडा. माझे वडील तसंच करायचे."

"तुझे वडील परक्याच्या कामावर भरवसा ठेवत नव्हते. हे माझं काम आहे," रेनो म्हणाला. "बस गं, लेम्पी."

लेम्पीने गाल दस्त्याला लावला. तिचा श्वास माझ्यावर धुकं धरत होता.

"उठ, पोरी," ऊर्हो म्हणाला. "पहिली गोळी मामाची."

"बंदूक तिची, मान तुझा कसला?" रेनोने विचारलं.

ऊर्हो तोवर बसलाही होता. त्याने काडतूस भरलं, पण गाल दस्त्यापासून लांबच ठेवला. रेनोने ते अंतर पाहिलं, मग त्याचा चेहरा.

"काय केलंस?"

"तापवला."

साइमीनेच गाडीतून जुना टायर काढला. मला त्यावर बांधलं. सगळे खडीच्या ढिगामागे गेले आणि लेम्पीने दोरी ओढली.

गोळी सुटली, मला काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. "उगाच घाबरवलंस," रेनो पुटपुटला. "अजून एक," साइमी म्हणाली.

तिसऱ्या गोळीला मी फुटलो. दुर्बीण झाडांत गेली. दस्ता जिथे गालाला टेकतो, बरोबर तिथे उभा चिरला. लेम्पी जवळ आली, तिने त्या चिरेवर बोटं फिरवली आणि मग तीच बोटं आपल्या गालावर ठेवली. मी पोलाद, पण ते पाहून अजून थिजलेला आहे.

मला वाटलं, रेनो त्याला हाणणार. त्याने खिशातली निळी वही पुढे केली. "लिही."

ऊर्होने लिहिलं: डोकं बत्तीने तापवलं, मी. खाली कारण लिहिलं: बिटं तुटली, दाजी हसतील म्हणून.

रेनोने ती ओळ वाचली आणि तो खडीवरच बसला. त्याने पेन्सिल मागितली आणि त्याच ओळीखाली लिहिलं: मी हसलो असतो.

आता मी या खिळ्यावर असतो, चिरलेला, आणि वही माझ्याखालच्या फळीवर. हरणाच्या वाटेला मी कधी गेलो नाही. तुम्हीही काहीतरी घडवत असाल. त्याची वही ठेवा आणि तिच्यात तुटलेली बिटंसुद्धा मांडा. आणि दुसऱ्याने आपली मांडली, तर वाचताना हसू नका.