टॉवरला ओली जमीन हवी

"टेकडी रद्द," आर्लिस कुलासने सकाळी माइकवर सगळ्या पंचक्रोशीला सांगून टाकलं. "फादरचे आभार, टॉवरच्या वर्गणीसाठी केक आणून देणाऱ्या बायकांचे आभार. उरलेला केक मी खाल्ला. आता ऐका ट्रॅक्टरच्या टायरांची जाहिरात."

जाहिरात सुरू झाली तशी ती खुर्चीत मागे टेकली आणि तिने डोळे मिटले. विस्कॉन्सिनच्या या लाल, आंबट क्रॅनबेरी पिकवणाऱ्या मुलखात तिच्या सासऱ्यांनी हे एएम रेडिओ स्टेशन काढलं होतं. नवरा गेल्यावर ते अर्धं तिच्याकडे आलं, अर्धं धाकटा दीर गॉर्डीकडे. टॉवर उभा होता हायवेलगतच्या माळावर. गाव सरकत सरकत त्याच्या बुडाशी येऊन टेकलं होतं, आणि आता एका कंपनीला तिथे गोदाम बांधायचं होतं. त्यांनी सांगितलेली किंमत ऐकून गॉर्डीचा घास हातातच राहिला होता.

"टॉवर हलवायचा तर हलव," तो म्हणाला होता. "पण मे संपायच्या आत मला दाखव की हलवल्यावर स्टेशन स्वतःचं पोट भरेल. नाहीतर जमीन विकू, लायसन्स परत करू, आणि मी अ‍ॅरिझोनात जाऊन गुडघे शेकत बसतो."

"आणि मी?"

"तू पण चल. नाहीतरी ऐकतंय कोण आपल्याला?"

हे मात्र तिला लागलं. फादर चर्चमागची टेकडी फुकट देतायत म्हटल्यावर ती हुरळून गेली त्याचं कारणही तेच. रेडिओचा टॉवर म्हणजे उंचावर हवा, हे गावात शेंबडं पोरही सांगेल. मग काल रेनाटा थीलन आली. तीन जिल्ह्यांतली स्टेशनं सांभाळणारी इंजिनियर, गाडीत कुत्रं आणि फावडं. तिने टेकडीवर बुटाच्या टोकाने माती उकरली.

"वाळू आहे ही, बाई. कोरडी ठक्क. तुमचा आवाज इथेच जिरून जाईल."

"अहो, पण उंची किती आहे बघा तरी!"

"उंची एफएमला लागते. एएमचा आवाज पळतो तो जमिनीतल्या ओलीवरून. टॉवरभोवती चौफेर तांब्याच्या तारा पुरायच्या, त्याही ओल्या मातीत. तुम्हाला टेकडी नको, दलदल हवी."

दलदल! या मुलखात दलदलीतच क्रॅनबेरीचं सोनं पिकतं. तिथला तुकडा टॉवरसाठी कोण सोडणार?

संध्याकाळी गॉर्डी आला, टोपी न काढताच बसला. "कंपनीवाल्याचा पुन्हा फोन होता. काय सांगू त्याला?"

"आत्ता काही सांगू नकोस. आज थंडी पडणारे, फोन घ्यायला बस. नेहमी फोन घेणारी रोजी हॉस्पिटलात गेलीये, सुनेला कळा सुरू झाल्यात."

मे महिन्यात क्रॅनबेरीच्या वेलींवर कळ्या असतात आणि आभाळ निरभ्र झालं की दव गोठतं. अशा संध्याकाळी मळेवाले आपापल्या वाफ्यातलं तापमान फोनवर कळवतात, स्टेशन ते वाचून दाखवतं. इथला पारा फॅरनहाइटचा, बत्तीसला पाणी गोठतं; तो तिशीला यायच्या आत पाण्याचे फवारे सोडायचे. कळीवर बर्फाचं पातळ कवच चढतं आणि आत कळी वाचते. सासऱ्यांपासूनची ही हजेरी. गॉर्डी कधी बसला नव्हता तिला, तो हिशेबाच्या बाजूचा.

"आता हे फोनवर दिसतं की सगळ्यांना," तो पुटपुटला.

"फोनवर विमानतळाचं दिसतं. विमानतळावर कुठे क्रॅनबेरी लावल्यात?"

दोन्ही फोन एकदम खणखणले. गॉर्डीने एक उचलला. "मिसेस यानिक. छत्तीस म्हणतात."

आर्लिसने माइक सुरू केला. "यानिक, छत्तीस," ती म्हणाली आणि लांबवून खोकली.

माइक बंद झाल्यावर गॉर्डीने विचारलं, "घसा बसला का तुझा?"

"घसा ठणठणीत आहे. यानिकबाई दोन अंश चढवून सांगतात."

"का पण?"

"डिझेल जाळून पंप लावणारा पहिला भित्रा आपण ठरू नये म्हणून! सगळेच चढवतात रे. कुणी एक, कुणी दोन. स्टॅन तर तीन चढवतो, आणि त्याची बायको मागून ओरडून खरं सांगते."

गॉर्डीच्या ध्यानात आलं. "आणि तू खोकतेस."

"एकदा खोकले की ऐकणाऱ्यांनी एक अंश कमी धरायचा, लांबवून खोकले की दोन. कुणाला खोटं पाडायचं नाही, कुणाची कळी जाऊ द्यायची नाही. तुझे बाबा नाक शिंकरायचे. मला ते जमेना."

पुढचा तास गॉर्डी फोन उचलत होता, चिठ्ठ्या सरकवत होता. हळूहळू तोही कान देऊ लागला. एका चिठ्ठीवर त्याने आकड्यापुढे लिहिलं: 'आवाजावरून दोन.' आर्लिसने वाचलं आणि लांबवून खोकली. खिडकीबाहेर पश्चिमेकडे एक पंप धडधडला, मग दुसरा, मग सगळी वस्तीच.

तेवढ्यात ऑरिन सोबोटाचा फोन. मळेवाल्यांच्या संघाचा म्होरक्या, अख्ख्या मुलखात त्याच्याइतका चिकट माणूस नाही. आर्लिसने स्पीकर लावला.

"बत्तीस," ऑरिन म्हणाला. "आणि खोकू नकोस. आज खरं सांगतोय."

"तब्येत बरी आहे ना तुमची?"

"चेष्टा पुरे. सकाळी ऐकलं, टेकडी गेली म्हणून. मला तेव्हाच वाटलेलं, ही बया उंटासारखी मान वर करून कुठे निघाली? माझ्या तळ्याच्या काठचं गवताळ रान बघ. बारा महिने चिखल. वेली लावता येत नाहीत, बेडकांखेरीज काही पिकत नाही."

तिने पेन्सिल उचलली. "भाडं?"

"घेणार तर! फुकट द्यायला मी काय फादर आहे? पण वाजवी घेईन. आणि हजेरी बंद करायची नाही. वसंतातली आणि पानगळीतली, दोन्ही संघ पुरस्कृत करेल, पाच वर्षांसाठी. आज दुपारीच बैठकीत ठरलंय. तो तुझा हिशेबी दीर कुठेय?"

"इथेच आहे," गॉर्डी म्हणाला. "संघ किती देणार?"

ऑरिनने आकडा सांगितला. गॉर्डीने टोपी काढली, डोकं खाजवलं, पाकिटाच्या मागे काहीतरी खरडलं. मग म्हणाला, "एवढ्यात चिखलाचं भाडं निघतं. वर विजेचं बिल निघत नाही."

"अरे, बिल नाही निघत?" ऑरिनने विचारलं.

"वर्षाचं संघाने भरलं तर निघेल."

"तुझा बापही असाच होता," ऑरिन म्हणाला. "बरं. भरू. पण टायरांची ती जाहिरात जरा कमी वेळा लावा."

फोन ठेवून आर्लिस बोटांवर मोजू लागली. रेनाटाला ती जमीन पसंत पडायला हवी, परवानगी यायला हवी, तारा पुरायच्या, दिवस काढायचे.

"श्रीमंत नाही होणार आपण," गॉर्डी म्हणाला.

"नाही."

"पण बुडणारही नाही. कंपनीला सांगतो, जमीन घ्या, स्टेशन आमचं आम्हाला राहू द्या. त्यातूनच नवा टॉवर बांधू." तो उठला, दाराशी थांबला. "उद्याही थंडी आहे म्हणतात. रोजी येणार नसेल तर फोनला मी बसतो. पण फुकट नाही हं. कॉफी चांगली ठेव."

"आणि अ‍ॅरिझोना?"

"तिथे कळ्या गोठत नाहीत," तो म्हणाला, आणि पुन्हा वाजू लागलेला फोन उचलायला मागे फिरला.