जंग-रानचा टाका

नावपट्टी निघेना.

मालिकेत दांडगटाचं काम करणाऱ्या पोरानं आधी एका हातानं ओढली, मग दोन्ही हातांनी, शेवटी एक पाय मागे रोवून. ज्याच्या छातीवर ती होती ते पोरगं फरफटत दोन पावलं पुढे आलं, पण ‘यून से-बिन’ हे नाव जिथल्या तिथे. शॉट चौथ्यांदा वाया गेला.

“काकी,” सहायक दिग्दर्शिका कू म्हणाली, “ही शिवलीय की वेल्डिंग केलंय?”

“तीनच टाके घातलेत,” जंग-रान म्हणाली.

“तीन?”

“प्रत्येक बाजूला तीन. मग त्यावर तीन. आणि कोपऱ्यात गाठ.”

कूनं कपाळाला हात लावला. मी भिंतीला टेकून उभा होतो. हसू आलं ते खोकल्यात जिरवलं.

जंग-रानचं गणवेशाचं दुकान आणि माझं वह्या-पेन्सिलींचं, मधे एकच भिंत. शाळा होती तोवर दोन्ही चालली. मग जेचॉनच्या या भागात पोरंच उरली नाहीत, शाळेला कुलूप लागलं, आणि तीन वर्षांनी ते कुलूप टीव्हीवाल्यांनी उघडलं. सोळा भागांची मालिका. एक गरीब पोरगा, त्याला छळणारे चार, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी, जी त्याची फाटकी नावपट्टी पुन्हा शिवून देते. आठव्या भागात दोघं एका छत्रीखाली येणार, हे कळायला मला पटकथा वाचावी लागली नाही.

चाळीस नावपट्ट्यांचं काम जंग-रानला मिळालं. या चाळिसांतला कुणीच जन्मलेला नाही याचं तिला वाईट वाटायचं. “एवढी नावं शिवली, आणि एकाचीही आई दुकानात आली नाही,” म्हणायची.

मला माणसं मोजायची खोड आहे. त्या दिवशी मैदानावर एकसष्ट माणसं होती. अकरा काम करत होती, बाकीची कॉफीचे पेले धरून होती.

“पाचला उजेड जातो,” कू म्हणाली. “काकी, हे नीट ऐका. आधी आपण शिवण्याचा प्रसंग घेऊ. त्यात नायिका नुसती सुई धरेल, टाके तुम्ही घालायचे, आणि तीच पट्टी लगेच पुढच्या प्रसंगात तोडायची. एका झटक्यात निघाली पाहिजे, आणि दोरा तुटताना दिसला पाहिजे. नाही निघाली तर मी उद्या सोलहून माणूस बोलावते. तुम्हाला जमेल ना?”

“जमेल,” ती म्हणाली. तिनं ते माझ्याकडे न बघता म्हटलं, म्हणजे जमणार नव्हतं.

जेवायला आम्ही तिच्या दुकानात बसलो. किंबापचा डबा तिनं उघडला आणि तसाच ठेवला.

“सैल शिवायला काय लागतं?” मी म्हटलं. “वाईट शिंपी रोज शिवतात.”

“तू गप्प बस. तुला सगळं माहीत आहे.”

माहीत होतंच. सोलला ऑलिंपिक झालं ते वर्ष, अठ्ठ्याऐंशी. बंद झालेले गणवेश नुकते परत आले होते. छातीवर नावपट्टी नसेल तर सकाळी फाटकातच शिस्तीचे मास्तर छडी घेऊन उभे. आमच्या वर्गातल्या चौघांनी यातून खेळ शोधला: संध्याकाळी वर्गातल्याच प्यो ताए-ग्यू नावाच्या गरीब पोराची पट्टी ओरबाडायची, सकाळी त्यानं खाल्लेली छडी बघायची. हात मास्तरांचा, मजा यांची.

म्हणून ताए-ग्यू रोज संध्याकाळी या दुकानात यायचा. जंग-रान सतरा वर्षांची. माध्यमिकनंतर शाळा सुटलेली, दिवसभर मशीनवर. त्याच्याकडे दुसरं जाकीट नव्हतं, हेही मावसभावाचं. थंडीत काढायला लाजायचा. मग ती त्याच्या अंगावरच पट्टी शिवायची. सुई लागू नये म्हणून तो श्वास रोखून धरायचा. शेवटी ती वाकून दातानं दोरा तोडायची, आणि त्याचे कान लाल व्हायचे. हे मी आमच्या दुकानाच्या पायरीवरून, तिच्या काचेतून रोज बघायचो. माझे कान का लाल व्हायचे, ते मी कधी कुणाला सांगितलं नाही.

“रोज तोडतात का?” तिनं एकदा विचारलं होतं.

“रोज.”

“मग आज अशी शिवते की त्यांच्या बापालाही काढता येणार नाही.”

तिनं शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी चौघांनी ओढली, निघेना. आधी हसले, मग चिडले. दोघांनी त्याचे हात धरले, दोघांनी ओढलं. पट्टी नाही निघाली. जाकीट निघालं, खांद्यापासून खिशापर्यंत, अस्तरासकट.

आम्ही वर्गात छप्पन्न. चार ओढणारे, एक ओढला जाणारा, एकावन्न बघणारे. मी त्या एकावन्नांत.

सगळे गेल्यावर छातीचा तुकडा मी मातीतून उचलला आणि तिला नेऊन दिला. तिनं पट्टीवरून अंगठा फिरवला. एकही टाका सुटला नव्हता. ताए-ग्यू त्यानंतर शाळेत आला नाही. आठवड्याभरानं कळलं, मायलेक बुसानला गेले. पत्ता कुणाकडेच नव्हता.

“मी सैल शिवली असती,” जंग-रान डब्याचं झाकण लावत म्हणाली, “तर फक्त पट्टी गेली असती. एक छडी खाल्ली असती, आणि संध्याकाळी आला असता.”

“फाडलं त्यांनी. तू नाही.”

“पण माझ्या हाताला ते पटत नाही रे. सैल टाका घालायला गेलं की हात आपोआप आवळतो. सदतीस वर्षं या रस्त्यावरच्या एकाही पोराची पट्टी निघू दिली नाही मी.”

तीन वाजता वर्गात दिवे लागले आणि नवीच अडचण निघाली. नायिकेला सुई धरता येईना. दोनदा बोट टोचून घेतलं, तिसऱ्यांदा नायकाला टोचलं. तो बिचारा एका बड्या कंपनीनं नुकताच घेतलेला नवा नट, “काही नाही, काही नाही” म्हणत राहिला.

कूनं जंग-रानकडे पाहिलं. “काकी, हात तुमचे घेऊ. चेहरा दिसणार नाही.”

“हे हात?” जंग-राननं ते पुढे केले. “सतराचे?”

“जरा जून आहेत. पावडर लावू. मागून उजेड देऊ.”

“पावडरीनं माझ्या बोटांना वाटेल लग्न आहे,” ती म्हणाली, आणि सगळे हसले. मग कुणीतरी तिला मुलींच्या गणवेशाचं जाकीट आणून दिलं. तिनंच शिवलेलं होतं. तिनं बाह्यांत हात घातले, गुंडी लावली आणि क्षणभर उभीच राहिली. अख्ख्या गावाला गणवेश घातले होते तिनं. स्वतः कधी घातला नव्हता. मी काहीतरी टवाळी करणार होतो. केली नाही.

ती मुलासमोर बसली. तिनं सुई ओवली. पोरानं श्वास रोखून धरला.

“श्वास घे बाळा,” ती हळूच म्हणाली. “मी टोचत नाही.”

पहिला टाका. तिचा अंगठा दोऱ्यावर आवळला, ते मला दारातून दिसलं. मग तो थांबला, आणि सैल झाला. दुसरा. तिसरा. कोपऱ्यात आली, गाठीसाठी दोऱ्याचा फास धरला, तो बोटांतून निसटू दिला. गाठ मारली नाही.

“आता दातानं दोरा तोडायचा,” कू म्हणाली. “काकी, तुम्ही उठा.”

जंग-रान उठली. नायिका तिच्या उबदार खुर्चीत बसली, वाकली आणि दोरा तोडला. मुलाचे कान लाल झाले. रंगभूषेवाल्या बाईनं ते केलं नव्हतं, मी विचारून घेतलं.

पावणेपाचला मैदानात पुन्हा सगळे उभे राहिले. दांडगट पोरगं पुढे आलं, दोन बोटांत पट्टी धरली आणि झटका दिला. पट्टी हातात आली. दोऱ्याचं शेपूट उन्हात लोंबत राहिलं.

“झालं,” कू ओरडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग दिव्यांच्या तारा गुंडाळायला घेतल्या.

मी पुन्हा बघणाऱ्यांतच होतो.

जंग-रान मात्र सरळ त्या मुलापाशी गेली. तिनं त्याच्या छातीवर तळवा ठेवला, खांद्यापासून खिशापर्यंत हळूहळू फिरवला. राहिलेले तीन धागे चिमटीनं एकेक काढले.

“काय झालं, काकी?” त्यानं विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली. “जाकीट धड आहे.”

मग ती घराकडे निघाली. अंगावरचा गणवेश काढून द्यायचं तिच्या लक्षात राहिलं नव्हतं, आणि एकसष्टांपैकी कुणीही तिला तो मागितला नाही.